मी सांगितलं तर हवेत, तेच बाहेरच्यानं सांगितलं की 'वा साहेब'

बुरेटवाली:
नमस्कार मंडळी. लई दिवस नुसतं वाचते इथं, आज लिहायलेय कारण घरात सांगून उपयोग नाही. आई म्हणते पगार वेळेवर देतात ना, मग गप बस.

मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात लॅबला आहे. केगावच्या विद्यापीठातून एमएस्सी केमिस्ट्री. कारखान्याचं नाव विचारू नका. पाणी तपासणं, शेड मॅच करणं, धुतल्यावर आणि घासल्यावर रंग किती सुटतो ते बघणं, हे माझं काम. डायिंगला, म्हणजे रंगवायच्या खात्यात, बाई मी एकटीच, शिलाईला बायका आहेत पण त्या पलीकडच्या इमारतीत, जेवायच्या सुट्टीतच काय ते भेटतात.

झालं असं की उन्हाळा लागला तसं बोअरचं पाणी आटलं आणि टँकर सुरू झाले. आपल्याकडं घरी नळालाच चार-पाच दिवसाआड पाणी, तिथं कारखान्याला कोण विचारतंय. टँकरवाला कुठल्या विहिरीचं भरून आणतो काय पत्ता नसतो. मी सँपल घेतलं, ईडीटीएचं टायट्रेशन लावलं, म्हणजे पाण्यातले कॅल्शियम मॅग्नेशियमचे क्षार मोजले, तर हार्डनेस (पाण्याचा जडपणा) नेहमीच्या दुपटीच्या वर. आता आमच्याकडं सॉफ्टनिंग प्लँट आहे, पण त्यातली रेझिन, म्हणजे क्षार धरून ठेवणारे बारीक दाणे, ठराविक हार्डनेस खेचून घेईपर्यंतच चालते, मग मिठाच्या पाण्यानं ती परत ताजी करावी लागते, त्याला रेजनरेशन म्हणतात. जुन्या पाण्याच्या हिशेबानं हे काम रोज रात्री एकदा होतं. टँकरचं पाणी इतकं जड की रेझिन दुपारीच संपायची आणि तिथून पुढं मशीनला जे पाणी जायचं ते जवळपास कच्चंच. हे मला कशावरून कळलं, तर सकाळचे लॉट चांगले यायलेत आणि दुपारनंतरच्या नेव्ही आणि मरूनवर ठिपके, हात लावला तर टॉवेल खरखरीत, ओल्या कपड्यानं घासलं तर रंग हाताला. मशीन तेच, माणसं तीच, रंगाचा डबा पण तोच. मी दर दोन तासाला पाणी काढून वहीत आकडे लिहून ठेवले.

डायिंग मास्तरांना सांगायला गेले. ते म्हणले, "मॅडम, तुम्ही बालवाडीत होता तेव्हापासून मी सोलापूरच्या पाण्यावर रंगवतोय." सगळे हसले. बरं, हसू दे. मी आकडे व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकले, त्यावर स्टोअरवाल्या दादांचा एक अंगठा. त्याच्याखाली कोणीतरी सुविचार टाकला, त्याला मात्र अख्ख्या स्टाफचे हात जोडलेले. मग मीटिंगमध्ये बोलायला तोंड उघडलं तर प्रॉडक्शनचे साहेब म्हणले "मॅडम, जरा चहाचं बघा की". उठले आणि सांगून आले चहा, काय करणार. परत येईपर्यंत विषय डिस्पॅचवर गेलेला.

मग केमिकल कंपनीचा टेक्निकल माणूस मुंबईवरून आला. लॅबमध्ये बसला, माझी वही मागितली, फोटो काढले, आणि मीटिंगमध्ये म्हणला "दुपारनंतर तुमचं पाणी हार्ड होतंय". सगळे म्हणले वा साहेब, बरोबर पकडलंत! मास्तर पण मान हलवायलेत. तो माणूस एकदा माझ्याकडं बघून पटकन दुसरीकडं बघितला. आणि उपाय काय, तर त्याच्याच कंपनीचा सिक्वेस्टरिंग एजंट (पाण्यातले क्षार बांधून ठेवणारं केमिकल) डबल टाका. ड्रम उतरले पण. मी म्हणत होते दुपारी एकदा मीठ मारून रेझिन ताजी करा, मिठाच्या गोण्या तेवढ्या लागतील, बाकी खर्च काय आहे? ते अजून कोणी ऐकलेलं नाही.

डाग कमी झाले म्हणून सगळे खूश. मी पण खूश व्हायला पाहिजे ना. पण त्या दिवशी घरी येताना सात रस्त्याच्या सिग्नलला स्कूटीवर रडले. ४२ डिग्रीत तोंडाला ओढणी गुंडाळलेली असते ते एक बरं, कोणाला कळत नाही.

अजून एक. मास्तर आणि मशीनवाले आपसात तेलुगूत बोलतात, मधेच हसतात, मला वाटतं माझ्यावरच चाललंय. मी बार्शीकडची, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

मी जास्तच मनाला लावून घेतेय का? का हे असंच असतं सगळीकडं? नोकरी सोडायची नाहीये, काम मला आवडतं.

कडकभाकरी:
नाही ग, जास्त काय लावून घेतेस, ही तर माझीच स्टोरी. मी युनिफॉर्मच्या गारमेंटमध्ये अकाउंट बघते. बिलावर एचएसएन कोड (जीएसटीसाठी मालाचा प्रकार सांगणारा नंबर) चुकीचा पडायलाय म्हणून बोंबलून बोंबलून थकले, मालक म्हणले तू नुसती एंट्री मार. सीएनं फोनवर तेच सांगितलं तर दहा मिनिटात माझ्याच टेबलावर आले, "अगं, कोड चुकलाय की, बघितलं नाहीस काय?" घ्या. म्हणजे श्रेय तर नाहीच, वर चूक पण माझीच.

तू रडलीस ते काय चुकीचं नाही पण त्यांच्यासमोर रडू नको, मग "मॅडमचा मूड नाही" म्हणून वर्षभर पुरवतात.

भुईकोट:
एवढं सहन कशाला करायचं? पॉश कायदा आहे, ठोका तक्रार. एक नोटीस गेली की मास्तर पण सरळ आणि साहेब पण सरळ.

साधी_एलएलबी:
भुईकोट, थांबा जरा, पोरीला भलतीकडं नेऊ नका. पॉश हा २०१३ चा कायदा लैंगिक छळाबद्दल आहे. जिथं १० किंवा जास्त लोक कामाला आहेत तिथं अंतर्गत समिती पाहिजेच, आणि घटना झाल्यापासून ३ महिन्यांत लेखी तक्रार द्यायची असते. पण "माझं ऐकलं नाही", "माझ्या वहीवर दुसऱ्यानं भाव खाल्ला" हे त्यात बसत नाही. उद्या कोणी बाई म्हणून घाण जोक मारला, अंगचटीला आलं, नाहीतर नको ते सुचवून वर नोकरीची भीती घातली, तर ते बसतं, तेव्हा एक दिवस पण थांबायचं नाही. नुसत्या "चहाचं बघा" वर समिती काही करणार नाही, आणि तू मात्र "केस करणारी" म्हणून ओळखली जाशील. समिती कुठं आहे, बोर्ड लावलाय का, तेवढं माहीत करून ठेव.

चहाचं मात्र एकदा करून बघ. पुढच्या वेळी बसल्या जागेवरून ऑफिसबॉयला फोन लाव, "पाच चहा पाठव रे", आणि त्याच दमात पुढचं वाक्य सुरू कर. उठायचं नाही. एकदा उठली की खुर्ची गेली.

पूर्वभागातली:
तेलुगूचं वाचलं म्हणून लिहायलेय. मी पद्मशाली, तेलुगू बोलणाऱ्या विणकर समाजातली, आमचं अख्खं घर लूमवर गेलं, आजोबा चादर विणायचे, वडील जॉबर, म्हणजे लूमवर देखरेख ठेवणारे, होते. ताई, खरं सांगू का, कारखान्यात तेलुगूत जे चालतं त्यातलं बहुतेक असतं कोण आला नाही, कुणाची उचल राहिली, दुपारी डब्यात काय आहे. तुमच्यावर पण बोलत असतील, नाही असं नाही, पण प्रत्येक हसणं तुमच्यावर नसतं. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू सगळं एका शिफ्टमध्ये चालतं, माणूस थकला की तोंडात घरची भाषा येते.

पण म्हणून तुमचं दुःख खोटं होत नाही. मला तर भाषा येते, मास्तर आमच्याच गल्लीतले, माझ्या लग्नात अक्षता टाकून गेलेले. मी पॅकिंगला होते तेव्हा सांगितलं की एकाच सेटमधले दोन टॉवेल वेगवेगळ्या शेडचे आलेत, तर म्हणले "तू घडी घाल अम्मा". तेलुगूतच म्हणले, काय फरक पडला? पार्टीनं माल परत पाठवला तेव्हा सगळ्यांना दिसलं. तुम्ही तेलुगू शिकलात तर डब्याला सोबत मिळेल, चांगलंच आहे, पण पाण्याचं ऐकतील असं काही नाही.

रंगारी:
मी डायिंगमध्येच आहे, हेल्परपासून सुरुवात केली, आता मास्तर. दुसऱ्या कारखान्यात, घाबरू नका. मॅडम, आधी एक सांगतो, तुमचं पाण्याचं निदान शंभर टक्के बरोबर आहे. कॅल्शियम मॅग्नेशियम असलेल्या पाण्यात रिअॅक्टिव्ह रंग नीट विरघळत नाही, त्यात सोडा अॅश (धुण्याचा सोडा) पडला की कार्बोनेट खाली बसतं, तेच टॉवेलच्या पाईलमध्ये, म्हणजे वरच्या धाग्यांच्या फासांत, अडकतं, खरखर त्याचीच. साधारण ५० पीपीएमच्या (लिटरमागं ५० मिलिग्रॅम क्षार) आत पाणी असलं की आम्ही सुखी. आणि एजंट डबल टाकून रोजचं गाडं ओढणं हे पण मला पटत नाही, काही रंगांमध्ये धातू असतो, जोरकस एजंट तो पण खेचतो आणि शेड सरकते, मग म्हणायचं रंगवाल्यानं डबा बदलला. तुमचा रेझिनचा उपाय स्वस्त आणि बरोबर.

आता मास्तरची बाजू. रागावू नका. लॉट बिघडला तर शेठ आधी कुणाला बोलवतो? मास्तरला. रंग परत काढा, परत रंगवा, वाफ गेली, पाणी गेलं, वेळ गेला, सगळं त्याच्या नावावर. तुम्ही ग्रुपवर आकडे टाकलेत त्या ग्रुपमध्ये शेठ आहे का? असणारच. म्हणजे मास्तरनं "हो, पाणी खराब आहे" म्हणलं की शेठ विचारणार, मग तुला एवढ्या वर्षात कळलं नाही का? तो माणूस तुम्हाला नाही म्हणत नव्हता, स्वतःची मान सोडवत होता. आणि मुंबईचा माणूस परवा निघून जाणार, त्याचं ऐकलं तर कुणाची इज्जत जात नाही. तुम्ही उद्या पण तिथंच दिसणार ना.

दुसरं, आमच्यातल्या लई मास्तरांना पीपीएम म्हणजे कागदावरचा आकडा वाटतो. आम्ही डोळ्यानं आणि चिमटीनं शिकलो. तुम्ही असं करा, दोन काचेचे ग्लास घ्या, एकात सकाळचं पाणी, एकात दुपारचं. दोन्हीत चिमूटभर सोडा अॅश, हलवा, गरम करा. दुपारचा ग्लास ढगाळ होणार. तो ग्लास मास्तरच्या हातात द्या, लॉट चढवायच्या आधी, आणि आजूबाजूला कोणी नसताना. काही बोलू नका. त्याला कळतंय, तो गाढव नाही.

बुरेटवाली:
रंगारी काका, सोडा अॅशचं माझ्या डोक्यातच आलं नाही, मी तिकडं बफर टाकून इंडिकेटर लावून वाईन रेडचा निळा होईपर्यंत थेंब मोजत बसलेले, आणि हे तर दोन मिनिटाचं काम आहे. उद्याच करते.

पण एक बोलू का, राग मानू नका. तुम्ही म्हणता मास्तरची इज्जत सांभाळा, एकटं गाठा, काही बोलू नका, ग्लास हातात द्या. म्हणजे बरोबर मीच असायचं, पुरावा मीच आणायचा, आणि वर सगळ्यांची मनं पण मीच सांभाळायची? मुंबईच्या साहेबाला कोणी सांगितलं नसेल की बाबा मास्तरला वाईट वाटेल, जरा हळू बोल. माझ्याबरोबर कॉलेजात होता तो मुलगा चिंचोळीच्या एमआयडीसीत आहे, त्यानं पण असंच काहीतरी सांगितलं तर त्याला म्हणले पोरगा हुशार आहे. मी सांगितलं तर म्हणे मॅडम पुस्तकी आहेत.

कडकभाकरी:
टाळ्या!! हेच म्हणायचं होतं मला. आम्हीच का म्हणून गोड बोलायचं.

रंगारी:
अन्याय आहे, मान्य. मी न्याय सांगत नव्हतो, काम कसं होईल ते सांगत होतो. मिठाच्या गोण्या आणायच्या आहेत का मास्तरला हरवायचंय, हे तुम्ही ठरवा. दोन्ही पाहिजे असेल तर आधी गोण्या.

भुईकोट:
रंगारींचा डायलॉग भारी आहे पण मास्तर लोक एकमेकाला वाचवणारच 😄

निवृत्त_गार्ड:
पोरी, मी मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात नोकरी केली. तुमच्या पाण्यातलं मला काही कळत नाही, पण न ऐकण्याचं कळतं. थोडं लांबणार, सांभाळून घे.

आमच्याकडं स्टेशन मास्तर आणि गेटमन यात किती अंतर, तुला कल्पना नसेल. गेटमन ऊन-पावसात एकटा फाटकावर, मास्तर ऑफिसात. पण गाडी सोडायच्या आधी मास्तरला फोनवर गेटमनला विचारावं लागायचं, फाटक बंद झालं का, आणि गेटमन नुसतं "हो साहेब" म्हणून चालायचं नाही. त्याच्याकडं एक छापील पान असतं, त्यावर आकडे, त्यातला पुढचा आकडा तो सांगणार, त्याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. मास्तरनं तो वेळेसकट रजिस्टरला लिहायचा. नंबर नाही तर गाडी नाही. मग मास्तरला तो गेटमन आवडो न आवडो, त्याला अरे-तुरे करो, काही फरक पडत नाही. कारण उद्या काही झालं तर चौकशीत रजिस्टर उघडणार, त्यात नंबर नसला तर मास्तर अडकणार.

मी एवढंच बघितलं आयुष्यभर, माणसाच्या चांगुलपणावर रेल्वेनं कधी विश्वास ठेवला नाही, कागदावर ठेवला. तुझी वही तुझ्या बॅगेत आहे, म्हणून त्या मुंबईवाल्याला फोटो काढून नेता आला. ती वही मशीनशेजारी लटकव. लॉट नंबर, वेळ, पाण्याचा आकडा, सही. लॉट चढवणाऱ्यानं तो आकडा बघून मगच पुढं जायचं अशी पद्धत पडली पाहिजे. ती पाडायला तुला साहेबाची परवानगी लागेल, तिथं थोडं झगडावं लागेल, पण "माझं ऐका" म्हणण्यापेक्षा "एक रजिस्टर सुरू करूया, पार्टीचा ऑडिट आला तर दाखवायला होईल" हे त्यांना पटकन पटेल. ऑडिटला सगळे घाबरतात.

पूर्वभागातली:
काका, खरंय. बाहेरच्या पार्टीचे लोक तपासायला येतात तेव्हा कारखान्यात रातोरात चपला ठेवायला रॅक येतो, मग रजिस्टर काय.

साधी_एलएलबी:
निवृत्त_गार्ड काकांचं सोन्यासारखं आहे. त्यात एक भर. जे तोंडी सांगतेस ते त्याच दिवशी साहेबांना दोन ओळींच्या मेलवर टाक, ग्रुपवर नको. "आज अमुक वाजता पाण्याचा आकडा अमुक, दुपारी रेजनरेशन सुचवले." बस. तक्रारीचा सूर नको, कोणाचं नाव नको. वर्षाच्या शेवटी पगारवाढीला बसशील तेव्हा तेच मेल समोर ठेवायचे.

आणि झोप उडत असेल, रोज सकाळी पोटात गोळा येत असेल तर नुसतं रजिस्टरनं भागणार नाही. सरकारचा टेली मानस नंबर आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. कोणाला सांगायची गरज नाही.

बुरेटवाली:
सगळ्यांना मनापासून थँक्यू. मधे दोनचार दिवस येता आलं नाही.

तर ग्लासचा प्रयोग केला. मास्तर सकाळी लवकर येतात, तेव्हाच गाठले. दुपारचं पाणी आदल्या दिवशीच बाटलीत भरून ठेवलं होतं. सोडा टाकून हॉट प्लेटवर ठेवलं. त्यांनी ग्लास उजेडात धरला, वास घेतला (वास का घेतला देव जाणे), बोटानं चोळून बघितलं. मग विचारलं "हा कधीचा?" मी म्हणलं कालचा, साडेतीनचा. काही न बोलता गेले. दुपारी प्लँटच्या ऑपरेटरला त्यांनीच सांगितलं, मीठ मार म्हणून. मला काहीच नाही, शाबास नाही, थँक्यू नाही, माझ्याकडं बघितलं पण नाही. रंगारी काका, तुम्ही जिंकलात, गोण्या आल्या. मला अजून बरं वाटलेलं नाही, हे पण खरं सांगते. आनंद झाला तो पाण्याचा.

रजिस्टरचं साहेबांना ऑडिटच्या नावानं विचारलं, ते म्हणले हां हां करा. मीटिंगमध्ये चहाचा विषय निघाला तेव्हा फोन लावला बसल्या जागेवरून. हात कापत होता माझा, पण उठले नाही.

कडकभाकरी:
बाई ग 😍 मी उद्याच करते हे. आमच्याकडं ऑफिसबॉय नाही, मालकाच्या पुतण्याला फोन लावते.

रंगारी:
मास्तरनं वास घेतला कारण आम्ही सगळेच घेतो, विचारू नका का. एक बघा मॅडम, टँकर बदलला की आकडा परत बदलणार, पावसाळ्यात बोअरला पाणी आलं की परत खाली येणार. दुपारची वेळ पक्की धरून बसू नका, आकड्यावर रेजनरेशन ठेवा. रजिस्टरवर सह्या कुणाच्या आहेत?

बुरेटवाली:
माझी आणि प्लँट ऑपरेटरची. मास्तरांचा कॉलम आखलाय, ते सही करत नाहीत, नुसतं वाचून जातात. तो कॉलम रिकामाच आहे.

निवृत्त_गार्ड:
रिकामा ठेवू नकोस. त्या जागी लिही, "दाखवले", वेळ टाक, आणि बाजूला तुझी छोटी सही. रोज. लाल पेननं नको, निळ्यानंच.